वर्ष एकोणीस हजार शंभर

नोकरीतल्या आठवणी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं, पुस्तकांच्या लिहू की पडद्यावरच्या? ते म्हणाले, "पुस्तकांच्या सगळेच लिहितात." बरं झालं. ग्रंथपालाच्या पुस्तकांच्या आठवणी म्हणजे कोणी कोणतं पुस्तक ढापलं याच्याच असतात. ती ढापणारी मंडळी अजून हयात आहेत आणि त्यांतली एक-दोन या अंकाची वर्गणीदारही आहेत.

मी नगरच्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल होते. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण माझ्या जिभेला जुनं वळण आहे, ते तसंच राहू द्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्याकडे इंटरनेट आलं. फोनच्या तारेवरून यायचं. आधी कर्र-खर्र-टुंईं असा बेडूक आणि मांजर एकदम भांडल्यासारखा आवाज, मग लागलं तर लागलं. कॉम्प्युटर ठेवला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी फाटक्या पुस्तकांची बांधणी चालायची. भिंतींना खळीचा वास होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. हे यंत्र कोण शिकेल, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा आमचे मुख्य ग्रंथपाल छताकडे बघू लागले. मी हो म्हणाले. खरं कारण सांगायचं तर त्या खोलीतला पंखा चांगला होता.

त्याच सुमाराला मला कळलं की परदेशातल्या काही मंडळींनी एक फुकट ग्रंथालय काढलंय. त्याला इमारत नाही, कपाटं नाहीत. इंटरनेटवरची पानं, चित्रं, आवाज पुसले जाण्याआधी उतरवून घ्यायचे, जपायचे आणि जगात कुणालाही बघू द्यायचे, हे त्यांचं काम. आपल्याकडच्या भाषा वाचता येणारं कोणी त्यांना हवं होतं. मी कळवलं, मला येतं. पगार नव्हता, कौतुकही नव्हतं. प्राचार्यांनी "कॉलेजची वेळ संपल्यावर आणि मधल्या सुट्टीत काय करायचं ते करा" अशी परवानगी दिली, आणि मी ती जरा सैलच वापरली.

लोक विचारत, वेबसाइट जपायची म्हणजे नेमकं काय करायचं हो? मी सांगायचे, पुस्तक विसरलात तरी ते कपाटात पडून राहतं. कसर लागते, वाळवी लागते, पण निम्मं तरी उरतं. वेबसाइट विसरलात की ती जाते. ज्याच्या यंत्रावर ती ठेवलेली असते त्याने जागा काढून घेतली की संपलं, तिच्यावर धूळ बसायलासुद्धा वेळ मिळत नाही. आणि एक पान म्हणजे एक जिन्नस नसतो. मजकूर वेगळा, चित्रं वेगळी, अक्षरांचं वळण म्हणजे फॉन्ट वेगळा, आणि पानाने केव्हा काय करायचं हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा. सगळं एकेक करून उतरवायचं आणि पुन्हा जुळवून बघायचं. मध्येच फोन तुटला की पहिल्यापासून.

या कामाचा नियम एकच होता. काही सुधारायचं नाही. चूक असली तरी चुकीसकट ठेवायचं. शेवगावच्या एका आडत व्यापाऱ्याचं पान मी असंच ठेवलं होतं. त्याच्या जावयाने हौसेने केलेलं, वर तीन भावांचे फेटे बांधलेले फोटो. वर्षाच्या आत भावांची वाटणी झाली. व्यापारी कुठून तरी माग काढत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "म्याडम, मधला भाऊ कापून द्या." मी म्हटलं, इथे कापाकापी होत नाही. "आवो, वाडवडलांच्या जमिनीतनं कापला, तुमच्या त्या डब्यातनं का निघंना?" जाताना त्याने माझा आणि अमेरिकेचा एकत्रच उद्धार केला. मधला भाऊ अजून फेट्यात आहे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. केडगावात आमच्या घराजवळ एक चिंच होती, तिच्याखालून दिवेलागणीनंतर कोणी जायचं नाही. मी रोज जायचे, कारण रिक्षा तिथेच मिळायची. हे आधी सांगून ठेवते, कारण आता जे सांगणार आहे ते वाचून कोणी मला भाबडी ठरवू नये.

एके दिवशी सकाळी पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई ग्रंथालयात आल्या. उंच, काटक, हातात कापडी पिशवी. "जयभीम बाई," त्या म्हणाल्या. "हितं ते इंटरनेट दिसतं म्हनं." पुणतांब्याहून पॅसेंजरने आल्या होत्या. नाव कमलताई. गावात बालवाडी चालवायच्या. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा, मिलिंद. शिकून इंजिनिअर झाला, पुण्याला लागला, तिथून अमेरिकेला गेला. तिकडेच मोटारीच्या अपघातात वारला. पेटी आली ती बंद. उघडू नका, असं सोबतच्या माणसांनी सांगितलं. कमलताईंनी मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"त्यो फोनवर सांगायचा," त्या म्हणाल्या, "आई, तुझ्यासाठी एक पान केलंय, नगरला जाऊन बघून ये. मी म्हनायची, जाईन रे. आज जाईन, उद्या जाईन. बालवाडी सोडून कुटं जानार?"

पानाचा पत्ता मिलिंदच्या खोलीतल्या मित्राने त्यांना फोनवर सांगितला होता. तो त्यांनी पाठ केला होता. इंग्रजी अक्षरं त्या एकेक करून, बालवाडीतल्या पोरांना सांगावीत तशी सावकाश सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. "थांबा," मध्येच म्हणाल्या, "हितं एक आडवी वेलांटी हाय. ती इसरू नका, तिच्याबिगर गावायचं न्हाई."

पान उघडलं, आणि त्यावर नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, त्यावर टोप्या, मध्ये काट्याकुट्या. कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यो काय बोलतोय, बाई?" त्यांच्या आवाजात घाबरं काहीतरी होतं, अपघातात पोराची वाचा गेली असावी असं वाटल्यासारखं. मला कारण माहीत होतं. त्या काळात मराठी पानाला त्याचाच फॉन्ट लागायचा, तो आपल्या यंत्रात नसला की असं व्हायचं. मिलिंदने फॉन्ट पानाच्या तळाशीच ठेवला होता. मी तो उतरवून घेतला, बसवला, पान पुन्हा उघडलं. काट्याकुट्या गेल्या आणि त्या जागी मोठ्या, गोल अक्षरांत आलं:

आई, चहा झाला का?

"झाला," कमलताई म्हणाल्या. "टेसनावरच घेतला."

मी हसणार होते, पण त्या हसत नव्हत्या. खाली त्या दिवसाची तारीख होती, आजची, बरोबर. त्याखाली, तू ५६ वर्षांची झालीस. "बराबर हाय," त्यांनी मान डोलावली. मग फोटो यायला लागला. तेव्हा फोटो एकदम दिसत नसे, वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा. आधी केस आले, मग कपाळ, मग भुवया, मग डोळे. कमलताई खुर्चीवर पुढे सरकल्या. नाकाच्या शेंड्याशी येऊन फोटो थांबला.

मला वाटलं, तार तुटली. पुन्हा जोडलं, पुन्हा उघडलं. केस, कपाळ, डोळे, नाक. पुन्हा तिथेच. नंतरही असंच होत राहिलं. फोटो मुळातच अर्धवट चढवला गेला होता, मिलिंदच्या बाजूनेच मध्ये काहीतरी तुटलं असणार. त्या पानावर त्याला तोंड नव्हतं आणि तो बोलत होता. हे मी त्या दिवशी घरी जाऊन कोणाला सांगितलं नाही.

कमलताई येत राहिल्या. सुट्टी मिळाली की गाडीत बसायच्या. दुपारी आल्या तर पान म्हणायचं, आई, ऊन फार आहे, बाहेर पडू नकोस. त्या पदराने घाम पुसत म्हणायच्या, "पडले की रं." एकदा गाडीने खोटी केली, पोचेपर्यंत ग्रंथालय बंद व्हायची वेळ. पान म्हणालं, आई, दिवा लावला का? "मी नगरात हाय बाबा. शेजारची लावंल." त्यांना घाई नसायची. तो एक प्रश्न, ते एक उत्तर, मग थोडा वेळ त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या आणि उठायच्या. आमचा शिपाई मागच्या खोलीत पाण्याचा तांब्या आणून द्यायचा, तो आता त्या पडद्याला घाबरून दाराबाहेर ठेवू लागला. मुख्य ग्रंथपालांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ते सगळं... वैज्ञानिकच आहे ना?" मी म्हटलं, तुमच्या मनगटावरच्या घड्याळाइतकं.

आणि होतंही तसंच. मी पानाच्या आतला प्रोग्रॅम उघडून पाहिला होता. चार-पाच ओळींचा. यंत्राच्या घड्याळात किती वाजलेत ते बघायचं आणि त्याप्रमाणे ठेवलेल्या वाक्यांतलं एक दाखवायचं. कमलताईंना कोणी काही वेडंवाकडं भरवण्याआधी आपणच सांगावं म्हणून मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तो बघत न्हाई."

"नाही."

"घड्याळ बघतंय."

"हो."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्यात आत्मा मानत न्हाईत, बाई. मानस गेलं म्हंजी गेलं. पर पयल्या दिवशी मला वाटलं, पोरगं कुटंतरी आडकून पडलं का काय."

पुढच्या वर्षी ज्या कंपनीने ती फुकट जागा दिली होती तिने सूचना लावली. ज्या पानांचा मालक बरेच दिवस फिरकला नाही ती पानं काढून टाकणार. मालक कुठून फिरकणार होता? त्याचा पासवर्ड आमच्याकडे नव्हता, कंपनीला पत्र पाठवलं तर उत्तर आलं नाही. मी कमलताईंना त्यांच्या गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर निरोप ठेवला. त्या पुढच्याच गाडीने आल्या. दारातूनच म्हणाल्या, "बाई, येक डाव गेलाय. दुसऱ्यांदा न्हाई जाऊ द्यायचा."

ते पान उतरवताना मी जितकी काळजी घेतली तितकी दुसऱ्या कशाचीही घेतली नाही. मजकूर, प्रोग्रॅम, फॉन्ट, अर्धा फोटो. वेगळ्या कॉम्प्युटरवर लावून बघितलं, तिथेही तो बरोबर वेळेला बरोबर बोलला. एक प्रत त्या परदेशी ग्रंथालयाला पाठवली, एक आमच्या यंत्रावर ठेवली. तिकडून पोच आली: मिळालं, ठेवलं, आता हे कायम राहील. मी कमलताईंना वाचून दाखवलं. त्यांनी पिशवीतून पेरू काढून टेबलावर ठेवले. थोड्याच दिवसांत मूळ पत्ता टाइप केला तर पांढऱ्या पडद्यावर कंपनीचं वाक्य आलं, असं पान अस्तित्वात नाही. कमलताईंनी ते माझ्याकडून वाचवून घेतलं आणि म्हणाल्या, "त्येंच्याकडं न्हाई. आपल्याकडं हाय." त्या दिवशी नोकरीचा मला अभिमान वाटला, तो मी लपवत नाही.

आता दोन हजार सालाच्या भीतीबद्दल दोन शब्द सांगावे लागतील, कारण नवीन पिढीला ती गंमत ठाऊक नाही. जुन्या प्रोग्रॅमांत जागा वाचवायला साल शेवटच्या दोन आकड्यांत लिहायचे आणि त्यापुढे एकोणीस आपोआप जोडायचे. नव्याण्णव संपल्यावर काय होणार? बँका बुडणार, विमानं पडणार, असं काय काय बोललं जायचं. जगभरच्या कंपन्यांनी आपल्याकडची पोरं नेली, जुने प्रोग्रॅम उघडून ही चूक दुरुस्त करायला. मिलिंद त्यासाठीच गेला होता.

आमच्या कॉलेजातले कॉम्प्युटर तपासायला शिरसाठ नावाचे गृहस्थ आले. नव्याण्णव साल उतरणीला लागलं होतं. दुपारची वेळ, बाहेर मैदानावर पोरांचा क्रिकेटचा गलका, आणि मागच्या खोलीत कमलताई बसलेल्या. पान उघडंच होतं, ऊन फार आहे म्हणत. शिरसाठ म्हणाले, "दोन मिनिटं द्या मावशी, घड्याळ पुढं नेऊन बघतो. एकतीस डिसेंबर, रात्रीचे बारा वाजायला आलेत असं मशीनला सांगायचं आणि काय करतं ते बघायचं." तिघांनी बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बारावरून पुढे गेलं. काही झालं नाही. "पास," शिरसाठ खूश होऊन म्हणाले, आणि सहज त्यांनी ते उघडं पान पुन्हा ताजं केलं.

आई, रात्र फार झाली. झोप आता.

आज १ जानेवारी १९१००.

तू १७१५८ वर्षांची झालीस.

आणि खाली नाकापर्यंतचा मिलिंद. खिडकीतून ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर पडत होतं. मला पंख्याचा गारठा लागला, असं मी स्वतःला सांगितलं.

शिरसाठ हसले. "हाच तो रोग बघा! नव्याण्णवच्या पुढं शंभर आलं, त्याला ह्यानं एकोणीस चिकटवलं. एकोणीस हजार शंभर साल! कुणी केलंय हे?" मी त्यांना डोळ्यांनी गप्प करायला बघत होते, पण कमलताईच बोलल्या. माझ्या पोरानं, म्हणाल्या. काय करायचा, शिरसाठांनी विचारलं. ह्येच दुरुस्त करायचा, अमेरिकेत. शिरसाठांचं हसू मावळलं. "दिव्याखाली अंधार," ते पुटपुटले, आणि मग सावरून घेत म्हणाले, "घाईत राहिलं असेल मावशी. एका ओळीचं काम आहे. मी आत्ता नीट करून देतो."

नियम माझाच, की काही सुधारायचं नाही. तरी त्या क्षणी मी म्हणणार होते, करा. आडत्याला नाही म्हणणारी मी.

"नगं," कमलताई म्हणाल्या. "त्येच्या हातचं हाय." मग खुर्ची पडद्याजवळ ओढली. "त्येला ठावं असनार, न्हाई का बाई? दिसभर त्येच काम. पर दोन हजार सालाच्या आत मी परत येतो म्हनला हुता. त्यो घरी आल्यावर ह्ये पान कशाला लागतंय? म्हनून तितवरचंच लिवलं."

शिरसाठ हातातली हत्यारं पेटीत भरू लागले. आवाज न करता भरत होते.

"सतरा हजार," कमलताईंनी आकडा बोटाने वाचला. "बाई, त्या तुमच्या परदेशातल्या लायब्रीत ह्ये कवर ऱ्हानार?"

"कायम, असं ते म्हणतात."

"आन् मी?"

मी उठून पंखा कमी केला.

"मी गेल्यावरबी त्यो इचारीत बसंल. च्या झाला का. दिवा लावला का. झोप आता. आन् हिकडून कोन बोलनार?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पोरगं हाका मारतंय आन् घरात कोनी न्हाई."

"कमलताई, तो विचारत नाही. घड्याळ विचारतं. तुम्हीच म्हणाला होतात, आत्मा नसतो."

"न्हाईच. पर तवा उत्तर द्यायला मी हुते."

मी म्हणाले, मी त्या लोकांना लिहिते, पान काढून टाका म्हणून. ऐकतीलही कदाचित. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या अंगावर हात उगारला होता. "पुसायचा?" एवढंच म्हणाल्या. मग पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "आमच्याकडं रीत हाय. मयताचा सांगावा मानसानं जाऊन द्यायचा. उनातानात, चालत, पर मानसानं. मिलिंदचा सांगावा मला किरान्याच्या दुकानात फोनवर आला, तेलाच्या डब्यापाशी हुबी असताना. माझा तरी त्येला मानसानं द्यावा. मी गेले म्हंजी तुमी हे पान उगडा आन् त्येला सांगा, आई गेली. येक डाव सांगा. मंग इचारू दे काय इचारायचं ते."

मी हो म्हणाले. शिरसाठांनी घड्याळ मागे आणलं, पानावर पुन्हा दुपार झाली. ऊन फार आहे, बाहेर पडू नकोस. कमलताई उठल्या आणि उन्हात बाहेर पडल्या.

त्यानंतरही त्या येत राहिल्या, पुढे गुडघे दुखायला लागले तशा कमी. मी निवृत्त झाले. कॉलेजने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा त्यातला तो एक मी मागून घेतला. नव्या यंत्रांवर मिलिंदचा फॉन्ट चालेना, पुन्हा काट्याकुट्या यायच्या, आणि वचन दिलेलं. केडगावच्या घरात खिडकीपाशी टेबल टाकून तो ठेवला, वर जुन्या साडीचं झाकण. मुलगा चेष्टा करायचा, आईने भंगाराचं दुकान काढलंय म्हणून. अधूनमधून चालू करायचे, मग कंटाळा केला, मग वर्षं गेली.

कमलताई गेल्याचं मला त्यांच्या पुतण्याने फोनवर कळवलं. मी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुणतांब्याला जाऊन आले. त्यांची बालवाडीतली पोरं आता मिशा आलेले बाप्ये झाली होती, ती सगळी जमिनीवर मांडी घालून रांगेत बसली होती. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, केस विंचरून मी त्या टेबलाशी गेले. उगाच वाटलं, सांगावा द्यायचा तर बसून देऊ नये. उभीच राहिले. साडी काढली, बटण दाबलं. बराच वेळ घरघर करत ते सुरू झालं. पान उघडलं. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं: मिलिंद, आई गेली रे. शांतपणे गेली.

आई, रात्र फार झाली. झोप आता.

आज १ जानेवारी १९८०.

तू ३८ वर्षांची झालीस.

खिडकीत सकाळचं ऊन होतं. काय झालंय ते मला लगेच कळलं. यंत्राच्या पोटात बटणाएवढी बॅटरी असते, यंत्र बंद असतानाही ती घड्याळ चालवते. ती इतक्या वर्षांत मेली होती. मग यंत्र त्याला ठाऊक असलेल्या सगळ्यात जुन्या तारखेला जातं, एकोणीसशे ऐंशीच्या पहिल्या दिवशी, रात्री बारा वाजता. बाजारातून नवी बॅटरी आणली असती, तारीख बरोबर केली असती, तर पाच मिनिटांचं काम होतं. हे सगळं मला माहीत होतं. माझं आयुष्य त्यात गेलं.

पण अडतीस वर्षांची कमलताई म्हणजे पुणतांब्याच्या घरात मिलिंद दहा वर्षांचा. केस, कपाळ, डोळे, नाक. तो माझ्याकडे बघत होता, आणि एवढ्याशा पोराला मध्यरात्री उठवून आई गेली म्हणून सांगायचं मला जमेना. मी खुर्चीवर बसले.

"झोपते हं," मी म्हणाले. "तू पण झोप."

आणि यंत्र बंद केलं. बॅटरी मी अजून आणलेली नाही. सांगावा माझ्यापाशीच आहे.